म्हसेकाका परमिट देतात

सर्व बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की, आमच्या कर्जतमध्ये एक गृहस्थ असे राहतात, ज्यांचा डावा हात आजवर फार थोड्या लोकांनी पाहिला आहे.

घाबरू नका. हात शाबूत आहे. पाचही बोटं जागच्या जागी आहेत. फक्त तो हात कायम पँटच्या खिशात असतो. म्हसेकाका नमस्कार करतात तो एका हाताने, त्यामुळे समोरच्याला तो अर्धाच पोचतो. आरतीला टाळ्या वाजवतात त्या उजव्या हाताने स्वतःच्या मांडीवर. एका लग्नात यजमानांनी त्यांच्यापुढे नारळ आणि टॉवेल-टोपी एकदमच धरली. काकांनी नारळ घेतला, काखेत दाबला, टोपी घेतली, डोक्यावर ठेवली, टॉवेल घेतला, खांद्यावर टाकला. एवढं सगळं एका हाताने. मागे आहेराची रांग खोळंबली, पण खिसा सुटला नाही. मांडव माझाच होता, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा आहे. वरच्या घोषणेचा सूर कुठून आला, ते आता कळलं असेल.

यामागे शास्त्र आहे. काकांची सगळी नोकरी भिवपुरीच्या वीजघरात गेली. तिथे पहिल्याच दिवशी त्यांना कुणीतरी शिकवलं, की जिथे करंटचा भरवसा नाही तिथे एक हात खिशात ठेवायचा. दोन्ही हात लागले की करंट एका हातातून शिरतो, दुसऱ्यातून निघतो आणि वाटेत काळीज लागतं. काकांनी हे मनावर घेतलं. निवृत्तीनंतर तर त्यांची खात्रीच पटली, की जगात अशी एकही जागा नाही जिथे करंटचा भरवसा धरावा.

त्यांचं आवडतं वाक्य म्हणजे, “डेड म्हणू नका, डेड दाखवा.” हे वाक्य तारेसाठी आहे, पण काका ते सगळीकडे वापरतात. आमच्या आळीत एकदा साप निघाला. चार जणांनी मिळून त्याला काठ्यांनी झोडपला, तो सरळ झाला, लोक घाम पुसू लागले. काका लांबून म्हणाले, “टेस्ट कोणी केली?” कोणी केली नव्हती. ती काकांनी लांब बांबूने केली, आणि साप ताडकन उठून माझ्या गोदामात गेला. तेव्हापासून आळीत कोणी कशालाच मेलं म्हणत नाही.

आणि परमिट! वीजघरातला कायदा असा, की ज्याने कामासाठी लाइन बंद करून घेतली, परमिट त्याच्याकडे. त्याने स्वतः येऊन परमिट परत केल्याशिवाय जगातली कुठलीही ताकद ती लाइन चालू करू शकत नाही. कारण आत माणूस असू शकतो. हा कायदा काकांनी घरी आणला. ऐन गणपतीत त्यांनी पंख्याचा रेग्युलेटर बदलायला घरातली मेन बंद केली आणि एक स्क्रू आणायला बाजारात गेले. बाजारात त्यांना जुना शिफ्टवाला भेटला. दुपार टळली. घरात पाहुणे पुठ्ठ्याने वारा घेत बसले. मेन स्विच सुमनकाकूंच्या हाताच्या अंतरावर होता.

मी म्हटलं, “काकू, वर करा की तो खटका!”

“नाय रं दिनू,” काकू पदराने वारा घेत म्हणाल्या, “परमिट त्यांच्याकडं हाय.”

सुमनकाकूंची ओळख करून द्यायला हवी, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे. माहेर कडावचं. लग्न होऊन भिवपुरीच्या क्वार्टर्समध्ये आल्या आणि त्यांना कळलं, की शिफ्टवाल्याच्या बायकोचं मुख्य काम म्हणजे आवाज न करणं. नवरा रात्रपाळी करून दिवसा झोपणार. मग भांडी वाजवायची नाहीत, मुलाला रडू द्यायचं नाही, दारावर आलेल्या कोळणीशी खुणांनी भाव करायचा. काकू सांगतात, “कुकरची शिट्टी व्हयाला आली, की मी चिमटा घेऊन हुबी. फुस्स केलं, की उचलायची. सगळा जलम वाफ दाबण्यात गेला बघ.”

काका निवृत्त झाले आणि काकूंनी ती वाफ सोडली. त्या गाडी चालवायला शिकल्या. पन्नाशीच्या पुढे, नऊवारी जावांच्या नाकावर टिच्चून. मग एका मुंबईवाल्याने इकडचं फार्महाउस विकलं, त्याबरोबर त्याची जुनी हायब्रिड गाडीही विकायला काढली, आणि काकूंनी ती घेतली. हायब्रिड म्हणजे अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर. काकूंना ती का आवडली? “अगो बाई, आवाजच नाय करत! माझ्यासारखी हाय.”

त्या गाडीतून काकू जे सुटल्या, ते विचारू नका. सकाळी कडावला भावाच्या मळ्यात भाजी आणायला, दुपारी खालापूरला बहिणीकडे, कधी चार बायका भरून हळदीकुंकवाला, कधी कुणाची सून डॉक्टरकडे, कधी नुसतंच नेरळपर्यंत जाऊन परत. पुढच्या सीटवर बसायला एक जाड उशी, डोळ्यांवर गॉगल, मागच्या सीटवर भाजीची पोती. काका मात्र त्या गाडीत बसायचे नाहीत. “मागच्या सीटखाली दोनशे व्होल्ट आहेत,” ते म्हणायचे. “मी आयुष्यभर स्विचयार्डात फिरलो, पण बसलो नाही.”

त्या गाडीची बॅटरी गेली. समोर लाल त्रिकोण पेटला आणि गाडी अंगणातच बसली. एक मेकॅनिक आला, कॉम्प्युटर लावला, आणि ‘मोठी बॅटरी संपली, आता या गाडीत पैसे घालू नका’ असं सांगून चहा पिऊन गेला. पुण्याहून निलेशचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा फोन आला, तो काकूंनी स्पीकरवर घेतला. मधल्या भिंतीवरून मला सगळं ऐकू येतं, आणि येत नसलं तर मी थोडा पुढे सरकतो.

“आई, बरं झालं एका अर्थी. आता बास झालं ते चालवणं. खालापूरच्या मुकादमांशी बोललोय मी, ते जुन्या गाड्या घेतात. महिनाअखेरच्या रविवारी येतील. बंद असेल तर टोचन लावून ओढत नेतील. चालू असेल तर तुझी मर्जी, पण चालू कुठून होणार?”

काकूंनी फोन ठेवला आणि वाल सोलायला बसल्या. कुठे? गाडीत. ड्रायव्हरच्या सीटवर, दार उघडं टाकून, मांडीवर परात घेऊन. रोज तिथेच बसून सोलायच्या.

तेव्हा काकांनी घोषणा केली. “बॅटरी मी बदलतो. घरी.”

“तुमी? तुमाला गाडी चालवता तरी येते का?”

“चालवायची कुठे आहे? बंद गाडीचंच काम आहे.”

काकांनी मुंबईतून एक दुरुस्त केलेली बॅटरी मागवली. ती येईपर्यंत गाडी अंगणात आणि काकू घरात. आता एक गंमत सांगतो. एरवी काकांची दुपार कशी जायची, हे मला भिंतीवरून ठाऊक होतं. जेवणाच्या ताटावर झाकण ठेवलेलं, ते काढून एकटे जेवायचे. मग मीटरकडे बघत बसायचे. मग फाटकाशी येऊन रस्त्याकडे बघायचे. गाडीला आवाज नाही, त्यामुळे ती आल्याचं कानांना कळत नाही, डोळ्यांनीच पाहावं लागतं. मी विचारलं तर म्हणायचे, “काही नाही, लोड बघतोय.”

आणि आता तव्यावरची भाकरी, समोर बायको. दुपारी पत्ते. काकू बेचैन, पान भलतंच टाकायच्या, तरी काका गुणगुणत होते. म्हसेकाका गुणगुणतात हे मला तेव्हा कळलं. एकदा तर काकू लाडीस खेळताना चिडून पत्ते टाकून उठल्या आणि काका खूश होऊन मला म्हणाले, “ट्रिप झाली! पाच मिनिटांत येईल परत लाइनवर.”

बॅटरी आली. रविवार आला. सकाळी मला बोलावणं आलं, “दिनकर, दोरी घेऊन ये. मांडवाची.”

अंगणात गाडीभोवती माझी दोरी बांधली गेली. दोरीवर लाल पाटी लागली, ‘माणसे काम करीत आहेत’. (ही पाटी एरवी त्यांच्या बाथरूमच्या दारावर असते.) मग मला समोर उभं करून भाषण झालं. कोणी कुठे उभं राहायचं, कोणी काय शिवायचं नाही, आणि काकांना करंट लागला तर कोणी त्यांना हात न लावता लाकडाने ढकलायचं. “कोणी” या पदावर मी एकटाच होतो.

चावी स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात गेली, का, तर गाडीपासून लांब हवी. छोटी बॅटरी सुटली. मग काकांनी जाड रबरी हातमोजे काढले, त्यांचं तोंड गुंडाळत नेऊन हवा कोंडली आणि गालाशी धरून कुठे बारीक भोक आहे का ते बघत राहिले. तेवढ्यात फाटकातून मुकादम आले. सडपातळ, पांढरी दाढी, हसरे डोळे. फुगलेला हातमोजा काकांनी गालाशी धरलाय हे पाहून ते थबकले.

“काय काका, बकरीची धार काढताय का?”

“दोरीच्या बाहेर!” काका म्हणाले. मुकादम चटकन बाहेर झाले. त्यांच्या जीपमध्ये टोचनची दोरी होती. तिच्याकडे काकूंची नजर गेली आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

मोठ्या बॅटरीवर नारिंगी रंगाचा एक प्लग असतो. तो उपटला, की बॅटरीची साखळी मध्येच तुटते. काकांनी मोजा घालून, एक हात खिशात ठेवून, तो उपटला आणि माझ्या शर्टाच्या खिशात टाकला. “परमिट तुझ्याकडे. हा तू स्वतः मला परत देशील तेव्हाच लाइन जोडायची. पाणी प्यायला गेलास तरी घेऊन जा.” एवढा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता.

मग थांबायचं. आत साठलेला करंट निवेपर्यंत. चहा दोरीवरून पलीकडे दिला गेला. मुकादम म्हणाले, “काका, झाली असेल की आता डेड.”

मी डोळे मिटले. व्हायचं तेच झालं.

“डेड म्हणू नका,” काका व्होल्ट मोजायच्या मीटरच्या तारा उचलत म्हणाले, “डेड दाखवा!”

मीटरने शून्य दाखवलं. तेव्हा, मंडळी, तो ऐतिहासिक क्षण आला. काकांचा डावा हात खिशातून बाहेर आला. उजव्यापेक्षा बराच गोरा होता.

मागची सीट निघाली, झाकणं निघाली, बोल्ट निघाले. बॅटरी म्हणजे लोखंडाची पेटीच. उचलायला तिघे हवेत. मुकादमांनी बाह्या सरसावल्या आणि दोरीखालून आत आले. “निलेशला सांगू नका हां,” ते म्हणाले, “गाडी न्यायला आलो आणि बॅटरी बसवून गेलो म्हणेल.” दम धरून, कण्हत, एकमेकांच्या पायांवरून ती पेटी आम्ही बाहेर काढली.

पेटीच्या बाजूला हवा आत खेचायची एक जाळी असते. बॅटरीला थंड ठेवणारी. काकांनी तिच्यात बोट घातलं आणि काय काय निघालं! वाळलेली कोथिंबीर, भाताचा कोंडा, वालाची सालं, ताडपत्रीचा धागा. भाजीची पोती त्या जाळीला टेकून बसायची आणि बॅटरीचा श्वास कोंडायचा. बॅटरी म्हातारी नव्हती झाली. काकूंच्या भाजीने तिचा जीव घेतला होता.

मी बोलायला तोंड उघडलं. काकांनी तो सगळा ऐवज मुठीत घेतला आणि सरळ खिशात टाकला.

“काय झालं हो हिला?” काकूंनी दोरीपलीकडून विचारलं.

“वय,” काका म्हणाले. “वय झालं होतं. कुणाचा दोष नाही.” आणि जाळी पुसून, तिच्यापुढे तारेची एक कमान वाकवून बसवली, म्हणजे पुढे पोतं टेकलं तरी फट राहील.

नवी बॅटरी बसली. बोल्ट आवळले गेले. काकांनी सगळे बोल्ट पुन्हा तपासले, मग पुन्हा. रात्री झोपताना नळ तीनदा तपासणारा माणूस तो. मग मी छाती पुढे काढून प्लग परत केला, “परमिट परत!” काकांनी डावा हात पुन्हा खिशात घातला आणि उजव्याने प्लग बसवू लागले. त्याच्या तीन चाली असतात. आत सारायचा, दांडा उभा करायचा, आणि शेवटी दांडा खाली दाबायचा, खट् आवाज येईपर्यंत. खट् झाल्याशिवाय गाडी काही केल्या चालू होत नाही. हे त्यांनीच मला समजावलं. मी लक्ष देऊन बघत होतो. सारला. उभा केला. मग काकूंनी घरातून हाक मारली, “झालं का हो?” काका क्षणभर तसेच थांबले, आणि म्हणाले, “झालं.”

छोटी बॅटरी जोडली गेली. चावी तांदळातून निघाली. काकू उशीवर बसल्या, गॉगल लावला, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

लाल त्रिकोण.

पुन्हा दाबलं. त्रिकोण. तिसऱ्यांदा काकूंनी बटण नुसतं कुरवाळलं.

मुकादम घसा खाकरून म्हणाले, “मग काका... टोचन लावू?”

काकूंनी गॉगल काढला. “ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “तुमी केलं तेवढं लय केलं. नाय व्हायचं त नाय. घरीच बसंन आता.” आणि त्यांनी सीटवरची उशी उचलली, झटकली आणि पोटाशी धरून खाली उतरल्या.

मी काकांकडे बघत होतो. त्यांच्यासमोर गरम भाकरी होती, पत्ते होते, रोजची दुपार होती. नुसतं गप्प राहायचं होतं. मुकादम टोचन लावून गाडी घेऊन गेले असते, आणि दोष बॅटरीवर गेला असता. मी सुद्धा काही बोललो नसतो, खरंच सांगतो.

काका त्या उशीकडे बघत राहिले.

“दिनकर,” ते म्हणाले, “परमिट घे.”

“आता कसलं?”

“माझं काम अपुरं राहिलंय. सुमन, लांब हो. चावी आत ने. तांदळात.”

मोजा चढला. काका मागच्या दारातून आत वाकले. मला फक्त त्यांची पाठ दिसली, आणि ऐकू आलं ते एकच.

खट्!

बाहेर आले तेव्हा काका चष्मा पुसत होते. मी काही विचारलं नाही. मुकादम विचारणार होते, मी त्यांच्या पायावर पाय दिला.

काकूंनी पुन्हा चावी आणली, पुन्हा उशी ठेवली. बटण दाबलं. त्रिकोण गेला. हिरवी खूण आली. आवाज मात्र कसलाच नाही. ही गाडी चालू झाली हे कळतं ते फक्त आत बसलेल्याच्या चेहऱ्यावरून, आणि त्या चेहऱ्यावरून आत्ता आळीतल्या सगळ्यांना कळलं.

“चालू झाली गं बाई!” काकू ओरडल्या. आयुष्यभर दाबलेल्या सगळ्या शिट्ट्या त्या एका ओरडण्यात होत्या. “अहो, चालू झाली!”

मुकादमांनी टोचनची दोरी गुंडाळून जीपमध्ये फेकली. “भाभी, कधी विकायची झाली तर...”

“माझ्यासकट न्यावी लागंल!” म्हणत काकूंनी हॉर्न वाजवला, विनाकारण, लांबलचक. मी दोरी सोडली. आळीतली माणसं फाटकाशी जमली होती. काकूंनी गॉगल लावला. “कडावला जाऊन येते! मग बहिणीकडं! भात झाकून ठेवलाय, खाऊन घ्या!”

गाडी निघाली. काका पाटी काखेत दाबून तिच्यामागे चार पावलं चालत गेले, वळणापर्यंत बघत राहिले. एवढ्या माणसांदेखत, एवढ्या मोठ्यांदा म्हसेकाका कधी काही बोलल्याचं कोणाला आठवत नाही. पण ते बोलले. दोन्ही हात तोंडाभोवती धरून, जीव खाऊन ओरडले,

“सुमन! लवकर ये गं! घरात करमत नाय मला!”